अर्ध्या मिलिमीटरवर टेकलेला अंदाज

"जठराचा कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय, काळजीचं कारण कमी आहे," असं डॉक्टर म्हणतात तेव्हा समोर बसलेल्या माणसाच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरतं. उरलेलं निम्मं लगेच पुढच्या प्रश्नात येतं: "पण डॉक्टर, पसरला तर नसेल ना?" याला डॉक्टर सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत. ते म्हणतात, "शक्यता कमी आहे." मग घरी जाताना तो एकच शब्द डोक्यात घोळत राहतो. कमी म्हणजे किती? कुणी मोजली? कशावरून?

माझं काम पॅथॉलॉजीचं. रुग्णाशी माझी गाठ क्वचितच पडते, त्याच्या जठराच्या तुकड्याशी मात्र रोज पडते. ही शक्यता ज्या कागदावरून काढली जाते तो कागद आमच्या टेबलावर तयार होतो. म्हणूनच ती कशी काढतात, तिच्यावर कितपत विसंबावं आणि ती कुठे तोकडी पडते, हे सांगावंसं वाटतं. जठराच्या कॅन्सरची भीती सगळ्यांना असते, त्यामानाने माहिती फार थोड्यांना. लवकर सापडलेल्या आजारात तर या अपुऱ्या माहितीपायी माणूस दोन्हीकडे चुकू शकतो. कधी गरज नसताना जठर काढून घेतो, तर कधी गरज असताना "आता सगळं निघालं" म्हणून स्वस्थ बसतो.

'लवकर' म्हणजे किती?

इथे पहिलाच गैरसमज होतो. 'लवकर' म्हणजे आजार सुरू होऊन थोडेच दिवस झालेत, किंवा गाठ छोटी आहे, असं आपण धरून चालतो. जठराच्या कॅन्सरमध्ये 'लवकर' हे खोलीवरून ठरतं. १९६२ साली जपानमधल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने ही व्याख्या ठरवली आणि आज जगभर तीच चालते.

जठराची भिंत थराथरांची असते. सगळ्यात आत, अन्नाला लागून, अस्तर असतं. आम्ल आणि पाचक रस तयार करणाऱ्या ग्रंथी त्यातच असतात. अस्तराच्या तळाशी स्नायूची एक कागदासारखी पातळ पट्टी असते. तिच्याखाली सैलसर विणीचा एक थर, त्याला सबम्युकोसा म्हणतात, आणि तिथे रक्तवाहिन्यांचं नि लिम्फ (पेशींभोवतीचा पातळ द्रव) वाहून नेणाऱ्या लिम्फ वाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं. त्याखाली अन्न घुसळणारे जाड स्नायू आणि सगळ्यात बाहेर एक नितळ आवरण. कॅन्सर जन्मतो अस्तरात आणि तिथून खाली उतरत जातो. तो अस्तरात किंवा फार तर सबम्युकोसात असेपर्यंत त्याला 'लवकरचा' म्हणायचं. जाड स्नायूंना शिवला की तो पुढचा टप्पा.

त्यामुळे पाच सेंटिमीटर पसरलेला पण उथळ कॅन्सर 'लवकरचा' असू शकतो, आणि एक सेंटिमीटरचा पण खोल गेलेला तसा नसतो. त्याहून विचित्र वाटावी अशी गोष्ट म्हणजे व्याख्येत नोडचा विचारच नाही. नोड म्हणजे लिम्फ वाहिन्यांच्या वाटेवरच्या त्या शेंगदाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान गाठी, जिथे शरीर लिम्फ गाळून घेतं. कॅन्सर उथळच आहे, पण त्याच्या काही पेशी नोडमध्ये पोचल्यात, असंही होऊ शकतं. तरीही कागदावर तो 'लवकरचा'च राहतो. म्हणून "लवकर सापडलाय" हे ऐकल्यावर "पसरला तर नसेल ना?" हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारणारा माणूस अगदी योग्य तेच विचारत असतो.

पेशी कुठून निसटतात

कॅन्सरची पेशी जठरातून बाहेर पडायला तीन वाटा आहेत. एक लिम्फ वाहिन्यांतून जवळच्या नोडकडे जाते. दुसरी रक्तातून, आणि जठराचं रक्त आधी यकृतात जात असल्यामुळे यकृताकडे. तिसरी म्हणजे बाहेरचं आवरण फोडून पोटाच्या पोकळीत गळून पडणं. १८८१ साली, २९ जानेवारीला, व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या सर्जननी एका बाईच्या जठराचा कॅन्सर झालेला भाग काढून तिला जगवलं, अशी ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेतून ती सावरली, पण चार महिन्यांच्या आत गेली, कारण आजार आधीच जठराबाहेर पोचला होता. सुरीचं काम चोख झालं होतं. ती सुरी पोचली नव्हती तिथे जे होतं त्याचा अंदाज घ्यायला त्या काळी कुठलंही साधन नव्हतं.

लवकरच्या कॅन्सरमध्ये तिसरी वाट जवळजवळ बंद असते, कारण बाहेरचं आवरण अजून लांब असतं. दुसरी कमी वापरात असते. म्हणून सगळं लक्ष पहिलीवर, म्हणजे नोडवर. आणि इथे खोली का महत्त्वाची ते कळतं. अस्तराच्या वरच्या भागात लिम्फ वाहिन्या विरळ असतात. त्या तळाच्या पातळ पट्टीजवळ सुरू होतात आणि सबम्युकोसात त्यांचं जाळं दाट होतं. पेशी जितकी खाली, तितकं तिला निसटायचं दार जवळ.

याचे आकडे बघा. टोकियोतल्या दोन मोठ्या कॅन्सर केंद्रांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ रुग्णांचा हिशेब २००० साली मांडला. कॅन्सर फक्त अस्तरात होता अशा ३,०१६ जणांपैकी ६५ जणांच्या नोडमध्ये तो सापडला, म्हणजे २.२ टक्के. सबम्युकोसात उतरलेल्या २,२४९ पैकी ४०२ जणांत, म्हणजे १७.९ टक्के. मधे फक्त एक पातळ पट्टी, आणि ती ओलांडली की धोका आठ पट. हा अभ्यास मला इतका महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून पुढचं सगळं निघालं. अस्तरातल्या १०० पैकी जवळपास ९८ जणांच्या नोडमध्ये काहीच नसेल, तर त्या सगळ्यांचं जठर आणि नोड काढायचे कशासाठी? पण ते दोन कोण, हे आधी ओळखता आलं तरच बाकीच्यांना सोडता येईल.

आधी बघून का कळत नाही?

"सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे नोड साफ, हो ना?" हा प्रश्न मी नातेवाइकांकडून अनेकदा ऐकला आहे. दुर्दैवाने नाही. स्कॅन नोडचा आकार बघतो, आतल्या पेशी बघत नाही. कॅन्सरच्या काही शे पेशी शिरलेला नोड चार मिलिमीटरचा, अगदी नेहमीसारखा दिसू शकतो. उलट साध्या सुजेने फुगलेला नोड मोठा दिसून उगाच घाबरवतो. लवकरच्या टप्प्यात सीटीचा खरा उपयोग म्हणजे यकृतात किंवा लांब कुठे काही ठळक नाही ना, एवढं बघणं.

एंडोस्कोपी करणारे डॉक्टर पृष्ठभागावरून खोलीचा अंदाज बांधतात. आजूबाजूच्या वळ्या एका जागी येऊन जाड झाल्यात का, हवा भरल्यावर तो भाग ताणला जातो की ताठ राहतो, विशिष्ट प्रकाशात बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी बिघडलीय का, अशा खुणांवरून. अनुभवी डोळ्याला यातलं खूप कळतं. पण अर्ध्या मिलिमीटरचा फरक वरून ओळखणं फार अवघड. बायॉप्सीचे तुकडे तर कणाएवढे असतात. पूर्ण गाठीत दोन प्रकारच्या पेशी असल्या तर बायॉप्सीत एकच येऊ शकते.

तेव्हा सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे ती गाठच, अख्खी, अखंड. इथे ईएसडी या पद्धतीने मोठा फरक पडला. १९९०च्या दशकाच्या अखेरीला जपानमध्ये ती रुजली. एंडोस्कोपीतूनच गाठीखाली द्रव सोडून ती फुगवून वर उचलतात, भोवती चीर देतात आणि सबम्युकोसातून तिला एकसंध सोलून काढतात. पोट उघडत नाहीत, जठर जागेवर राहतं. हा उपचार तर आहेच, पण तो निदानाचाही शेवटचा आणि सगळ्यात भरवशाचा टप्पा आहे, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं. नाहीतर ईएसडी झाल्यावर दोन आठवड्यांनी "आता शस्त्रक्रिया करावी लागेल" असं ऐकलं की माणसाला वाटतं पहिलं काम फसलं. फसलेलं नसतं. त्या कामामुळेच खरं काय ते कळलेलं असतं.

टेबलावर

तुकडा आमच्याकडे येतो तो फळीवर ताणून, कडेकडेने टाचण्या लावून. तसं नाही केलं तर तो आक्रसतो, कडा आत वळतात आणि माप चुकतं. फॉर्मॅलिनमध्ये मुरल्यावर आम्ही त्याच्या दोन-दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापतो, सगळ्याच्या सगळ्या, एकही न सोडता. प्रत्येक पट्टीचा केसाहून पातळ काप काचपट्टीवर चढतो. तीन सेंटिमीटरच्या गाठीचे असे पंधराएक काप होतात. मग बघत बसायचं.

पहिलं बघतो ते खोली. कॅन्सर पातळ पट्टीच्या वरच थांबला असेल तर प्रश्न सोपा. खाली उतरला असेल तर पट्टीच्या खालच्या कडेपासून सगळ्यात खोल गेलेल्या पेशीपर्यंत मोजायचं. मर्यादा ठरलेली आहे: ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आत असेल तर उथळ, पलीकडे गेला तर खोल. ऐकायला हे नेमकं वाटतं. पण कधी कॅन्सरनेच ती पट्टी खाऊन टाकलेली असते, तेव्हा शेजारच्या शाबूत भागावरून एक काल्पनिक रेषा ओढून मोजावं लागतं. ४८० आणि ५२० यांत निसर्गाने काही भिंत बांधलेली नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते म्हणून ती तिथे मारलेली आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये खोलीचा आकडा या रेघेच्या अगदी जवळ असेल तर तो आकडा डॉक्टरांशी बोलून घ्या. नुसता 'आत' किंवा 'बाहेर' हा शिक्का पुरेसा नाही.

दुसरं, पेशींचा स्वभाव. काही कॅन्सर अजूनही ग्रंथींसारख्या नळ्या रचायचा प्रयत्न करतात. काहींच्या पेशींमधला चिकटपणाच गेलेला असतो आणि त्या एकेकट्या, विखरून हिंडतात. काहींत श्लेष्म साचून पेशीचं केंद्रक कडेला ढकललं जातं आणि ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. नळ्या करणाऱ्या प्रकाराला 'डिफरन्शिएटेड' म्हणतात, विखुरलेल्याला 'अनडिफरन्शिएटेड'. हा दुसरा प्रकार जास्त काळजीचा मानतात आणि त्याला सूट कमी मिळते. पहिला प्रकार अस्तरातच असेल आणि त्यात व्रण नसेल तर आकार कितीही असला तरी ईएसडी पुरेशी मानली जाते. दुसऱ्या प्रकाराला ती सवलत फक्त दोन सेंटिमीटरपर्यंत आणि व्रण नसेल तरच.

तिसरं, वाहिन्यांमध्ये शिरकाव. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात चकवणारं. काप करताना पेशींचे पुंजके आक्रसतात आणि त्यांच्याभोवती रिकामी जागा तयार होते. ती जागा हुबेहूब लिम्फ वाहिनीसारखी दिसते. मग डी२-४० नावाचा खास रंग वापरतो. तो लिम्फ वाहिनीच्या अस्तरालाच तपकिरी रंगवतो. तपकिरी कडा आली आणि तिच्या आत पेशी दिसल्या तर दार उघडलेलं आहे. एकदा एका कापात मला शंकेपुरते चार पेशींचे ठिपके दिसले होते. तो काप मी बाजूला ठेवला, रंग लावून घेतला, सहकाऱ्यांना दाखवला. ती तपकिरी कडा आली तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही, कारण त्या चार ठिपक्यांनी एका माणसाचा पुढचा रस्ता बदलला होता.

याखेरीज गाठीचा आकार, तिच्यात व्रण आहे का, आणि कडेला नि तळाला पेशी उरल्यात का, हे बघतो.

बेरीज

२०१७ साली जपानमधल्या संशोधकांनी एक साधी गुणपद्धत मांडली. तिचं नाव 'ई-क्युरा'. ईएसडीनंतर रिपोर्ट मनासारखा आला नाही, आता शस्त्रक्रिया करायची की नाही, अशा रुग्णांसाठी ती आहे. गुण असे: लिम्फ वाहिनीत शिरकाव असेल तर ३. गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी, तळाची कड साफ नाही, शिरेत शिरकाव, सबम्युकोसात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून खोल, या चारपैकी प्रत्येकाला १. जास्तीत जास्त ७. शून्य किंवा एक गुण असलेल्यांत नोडमध्ये कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २.५ टक्के निघालं, दोन ते चार गुणांत ६.७ टक्के, पाच ते सात गुणांत २२.७ टक्के.

समजा, गाठ २२ मिलिमीटरची, खोली ०.७ मिलिमीटर, वाहिन्या साफ, कडा साफ. गुण १, शक्यता चाळीसात एक. आता सगळं तेच ठेवा, फक्त त्या तपकिरी कडेच्या आत चार पेशी टाका. गुण ४, शक्यता पंधरात एक. गाठ साडेतीन सेंटिमीटरची आणि शिरेतही शिरकाव असता तर ६ गुण, म्हणजे साडेचारात एक. या तक्त्यात वय नाही, वजन नाही, रक्ताची तपासणी नाही. सगळं त्या काचपट्ट्यांवरून.

आता यातला आकडा नीट वाचायचा कसा, हे सांगतो, कारण घोळ इथेच होतो. २२.७ टक्के हा 'जास्त धोका' गट. तरीही त्यातल्या १०० पैकी ७७ जणांच्या पोटातून नोड काढल्यावर ते साफ निघतात. आणि २.५ टक्के हा 'कमी धोका', पण त्यातल्या ज्या माणसाच्या नोडमध्ये खरंच पेशी आहेत त्याच्यासाठी तो शंभर टक्के आहे. अडीच टक्के कॅन्सर कुणालाच होत नाही. तुमच्यासारखा रिपोर्ट असलेले चाळीस जण एका खोलीत बसवले, तर त्यातला एक तो आहे, पण कोण ते त्याला स्वतःलाही माहीत नाही, असा त्या आकड्याचा अर्थ.

शून्याचंही तसंच. टोकियोच्या त्याच अभ्यासात अस्तरातच असलेला, चांगला डिफरन्शिएटेड, तीन सेंटिमीटरच्या आतला कॅन्सर असलेले १,२३० जण होते. नोड एकाचाही बाधित नव्हता. सबम्युकोसात अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच गेलेला, वाहिन्या साफ असलेला, लहान गाठीचा दुसरा गट १४५ जणांचा. तिथेही शून्य. दोन्ही शून्यं सारखी वाटतात, पण तशी नाहीत. संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' नावाचा एक सोपा हिशेब आहे. जितक्या जणांत एकदाही घडलं नाही, त्या संख्येने तीनला भागा. खरा धोका जास्तीत जास्त तेवढा असू शकतो. १,२३० मध्ये तो साधारण पाव टक्का येतो. १४५ मध्ये दोन टक्क्यांच्या पुढे जातो. "आजवर कुणालाच झालं नाही" असं कुणी सांगितलं तर "किती जणांपैकी?" हे विचारायला कचरू नका.

तराजूचं दुसरं पारडं

नोडची शक्यता कळली तरी निर्णय होत नाही, कारण दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियेची किंमत आहे. जठराचा मोठा भाग आणि भोवतालचे नोड काढणं ही मोठी शस्त्रक्रिया. अनुभवी केंद्रांत तिच्यातून जीव जाण्याचं प्रमाण अगदी कमी असतं, पण वय, हृदय आणि फुप्फुसं यांवर ते वाढतं. शिवाय नंतरचं आयुष्य बदलतं. वजन उतरतं, थोडंथोडं खावं लागतं, खाल्ल्यावर घाम आणि धडधड होते. पूर्ण जठर काढलं असेल तर बी१२ आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. 'सुरक्षित असावं म्हणून काढून टाकू' हे वाक्य यामुळेच मला पटत नाही. काढण्यातही धोका आहे, फक्त तो वेगळ्या रकान्यात लिहिलेला असतो.

पण उलट बाजूही तितकीच खरी. शस्त्रक्रिया टाळली आणि काही वर्षांनी आजार नोडमधून किंवा लांबच्या अवयवातून डोकं वर काढता झाला, तर तो सहसा आवाक्यात येत नाही. अडीच टक्के लहान आकडा आहे, पण तो घडला तर परत फिरता येत नाही.

इथे जगण्याचे दोन वेगळे आकडे असतात. लवकरच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं. ज्या कमी गुणांच्या गटाबद्दल वर बोललो, त्यांत पाच वर्षांत जठराच्या कॅन्सरने न दगावणारे ९९.६ टक्के होते. पण कॅन्सरने न दगावणं आणि जगणं या दोन गोष्टी वेगळ्या. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं आयुष्य हृदय, मूत्रपिंड, पडणं यांवर जास्त अवलंबून असतं. नातेवाइकांनी एकच आकडा विचारू नये. "या आजाराने" आणि "एकूण" असे दोन्ही विचारावेत.

शस्त्रक्रिया झालीच, तर पुढचा अंदाज सगळ्यात जास्त एका गोष्टीवर टेकतो: किती नोड बाधित निघाले. एकही नाही, तर टप्पा पहिल्यातला पहिला, आणि सहसा नंतर केमोची गरज नसते. पण 'एकही नाही' हे किती नोड तपासून म्हटलं, त्यालाही महत्त्व आहे. निदान सोळा तरी तपासलेले असावेत असं सांगितलं जातं. पाच तपासून शून्य आणि तीस तपासून शून्य यांत तोच शून्याचा फरक पुन्हा येतो.

मधला रस्ता आणि संगणक

एक सुंदर कल्पना आहे. गाठीजवळ रंग किंवा किरणोत्सारी द्रव सोडायचा, तो लिम्फ वाहिनीतून ज्या नोडमध्ये पहिल्यांदा पोचेल तोच काढून बघायचा. पहिलं नाकं साफ तर पुढचेही साफ. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात ३९७ रुग्णांत हे करून बघितलं. नोड बाधित असलेल्या ५७ जणांपैकी ५३ या पद्धतीने सापडले. चार निसटले. जठरातून लिम्फ एका नाही, अनेक दिशांनी वाहतं, हे त्याचं कारण असावं. कोरियातल्या सेनोरिटा चाचणीत ५८० रुग्णांवर या पद्धतीची नेहमीच्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली. तीन वर्षं आजाराविना राहणारे नेहमीच्या गटात ९५.५ टक्के, या गटात ९१.८ टक्के. रोजचं जगणं मात्र या गटात अधिक चांगलं राहिलं. म्हणून ही पद्धत अजून सरसकट वापरात आली नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण दार बंद करू नये असंही वाटतं.

आता संगणकाची मॉडेल्स. वय, आकार, खोली, एंडोस्कोपीची चित्रं, काचपट्ट्यांचे फोटो हे सगळं त्यात घालायचं आणि ते टक्केवारी काढून देतं. यातली काही मॉडेल्स खरोखर उपयोगी ठरतील. पण "९७ टक्के अचूक" असं ऐकलं की थांबा. अस्तरातल्या कॅन्सरमध्ये १०० पैकी ९७-९८ जण तसेही साफ असतात. डोळे मिटून प्रत्येकाला "तुमचे नोड साफ" असं सांगणारा माणूसही तेवढाच अचूक ठरेल, आणि जे दोन-तीन शोधायचे होते ते सगळे त्याच्या हातून सुटतील. मॉडेलने ज्यांना पाच टक्के सांगितले, त्यांतल्या शंभरांत खरोखर पाचच निघतात का? ते ज्या रुग्णालयात घडवलं त्याच्या बाहेर, दुसऱ्या देशातल्या रुग्णांवर तपासलं का? जिथे तुकड्याच्या सगळ्या पट्ट्या कापून बघितल्या जात नाहीत तिथे शिरकाव कमी 'सापडतो', आणि त्या कागदांवर शिकलेला संगणक तोच आंधळेपणा शिकतो.

जठर उरलं म्हणजे जमीन उरली

ईएसडी पूर्ण यशस्वी झाली, रिपोर्ट निर्मळ आला, तरी एक अंदाज बाकी असतोच. हा पसरण्याचा नाही, नव्याने उगवण्याचा. ज्या अस्तरात एक कॅन्सर झाला ते अस्तर वर्षानुवर्षं सुजून, पातळ होऊन, आतड्यासारखं बनत आलेलं असतं. बहुतेकदा त्याच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्याच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. जठर जागेवर ठेवलं म्हणजे तीच जमीन जागेवर राहिली, आणि तिच्यात दुसरीकडे कॅन्सर होऊ शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियन चाचणीत, एंडोस्कोपीतून गाठ काढलेल्या रुग्णांपैकी ज्यांना हा जिवाणू मारायची औषधं दिली त्यांच्यात नवा कॅन्सर ७.२ टक्के जणांना झाला, ज्यांना दिली नाहीत त्यांच्यात १३.४ टक्के. काही दिवसांच्या गोळ्यांनी जवळपास निम्मा फरक. पण शून्य नाही. म्हणून जिवाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एंडोस्कोपी चालूच ठेवायची. हा नवा कॅन्सर वेळेवर दिसला तर तोही बहुतेक वेळा सोलूनच काढता येतो.

समजा, ४८ वर्षांची बाई आणि ७९ वर्षांचे आजोबा, दोघांचा रिपोर्ट एकच: २२ मिलिमीटर, ०.७ मिलिमीटर खोल, वाहिन्या साफ, गुण १. बाईंच्या पुढे तीस-चाळीस वर्षं आहेत. त्या म्हणतील, "चाळीसातली ती एक मी असेन तर? डॉक्टर, शस्त्रक्रिया करून टाका." आजोबांना जिना चढताना दम लागतो. ते म्हणतील, "मला घरी जाऊ द्या, तपासणीला मी वेळेवर येत जाईन." दोघांच्या फायलींमध्ये माझ्या हातच्या त्याच पाच ओळी असतील, आणि दोघांचंही म्हणणं मला पटेल. बाईंचे नोड काही आठवड्यांनी माझ्या टेबलावर येतील. आजोबांच्या नावाचा काप सहा महिन्यांनी आला तर येईल, आणि तो आला की मी आधी त्यांचा जुना काप काढून शेजारी ठेवीन.